मुलांनी स्वतः रचलेलं नाटक

माझी चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझी बाजू घेणार नाही. मी एका माणसाचा सूड घेतला आणि त्यासाठी नववीतल्या एका मुलीला पुढे केलं. सूड घेतल्याचं मला आजही म्हणावं तेवढं वाईट वाटत नाही. हे लिहितानासुद्धा त्या दुपारी त्या माणसाचा पडलेला चेहरा आठवला की आत बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून स्वतःची शिसारी येते. पण मुलीचं जे झालं ते मी केलं. ते मी हसत हसत, टाळ्या वाजवत केलं आणि नंतर विचारल्यावर तिच्याच नावावर ढकललं.

तो माणूस माझा मराठीचा शिक्षक होता.

मी देवगाव रंगारीचा. आठवीला मला औरंगाबादला मोठ्या बहिणीकडे ठेवलं आणि शहरातल्या शाळेत घातलं. तिथे हे सर होते. तरुण, गोरेपान, पँटच्या पट्ट्यात दोन्ही अंगठे अडकवून वर्गात शिरणारे. प्रत्येक मुलाला 'काय राजे' म्हणायचे. सगळ्या शाळेचे लाडके होते, कारण ते नकला करायचे. मुख्याध्यापकांचं खाकरणं, शिपायाचं फरफटत चालणं, सगळं हुबेहूब. पण त्यांचा हात खरा बसला होता पालकांवर. कुणाचा बाप खेड्यातून भेटायला आला की दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला सर त्याला वर्गात उभा करायचे. कसा बोलला, कसा बावरला, खुर्चीवर बसू की नको म्हणून कसा घुटमळला. आम्ही वाटच बघायचो. पैठणकडच्या एका मुलाचे वडील बोलताना सारखं नाक ओढायचे. ती नक्कल बघून मी इतका हसलो होतो की बाकावरून खाली आलो होतो. हेही इथे लिहिलंच पाहिजे.

थंडीच्या दिवसांत माझे वडील आले. पहाटे शेतात हुरडा भाजून, चोळून, पाखडून कापडी पिशवीत बांधून पहिल्या गाडीनं निघालेले. शिक्षकखोलीच्या दाराशी त्यांनी वहाणा काढल्या. बाहेर ठेवल्या तर शहरात कुणी उचलून नेईल, म्हणून त्या डाव्या काखेत धरल्या आणि उजव्या हातात पिशवी घेऊन आत गेले. मी दाराबाहेर होतो.

"मास्तरसायेब, पोरगं कसं हाय आमचं?"

सर उठले नाहीत, पण हसून बोलले. पिशवी घेतली, टेबलावर मोकळी केली, आणि सगळ्या शिक्षकांनी मुठी भरभरून हुरडा खाल्ला. वडील काखेत वहाणा धरून ते बघत उभे होते आणि खुश होते. परत स्टँडकडे जाताना मला म्हणाले, "मास्तर चांगला हाय रे. हसून बोलला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला सरांनी फळ्याचं डस्टर काखेत धरलं. मान थोडी खाली घातली. अंग आक्रसून घेतलं. "मास्तरसायेब, पोरगं कसं हाय आमचं?" आवाजसुद्धा तोच, वडिलांचा, थोडा घोगरा. वर्गात हशा फुटला. शेजारच्या मुलानं मला कोपरानं ढोसलं. "तुझाच बाप ना रे काल आलेला?"

"नाही," मी म्हणालो. आणि हसलो. वर्गात सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

वडील वारले तोपर्यंत त्यांना मी हे सांगितलं नाही. त्यांच्यासाठी तो मास्तर शेवटपर्यंत चांगलाच राहिला. दर हिवाळ्याला विचारायचे, "तुझ्या त्या मास्तराला हुरडा द्यायचा का रं?" मी म्हणायचो, त्यांची बदली झाली. ते खरंच होतं. आमची शाळा ज्या संस्थेची होती तिच्या आणखीही शाळा होत्या, आणि सर कुठल्या तरी तालुक्याच्या गावी गेले होते. पण माझ्या डोक्यातून ते गेले नाहीत. कॉलेजात असताना, नोकरी शोधताना, लग्नानंतरसुद्धा मी मनातल्या मनात त्यांना कितीदा तरी वर्गासमोर उभं केलंय.

कॉलेजात मी नाटकाला लागलो आणि पुढे शहरातल्या एका नाट्यसंस्थेत कायमचा चिकटलो. गुलमंडीला कापडाच्या दुकानांवर आमची तालमीची खोली होती. खालून दुकानदारांची हाकाटी वर यायची, वर आमची आरडाओरड. संस्था एक ताई चालवायच्या. वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या, बोलायला फटकळ. मोठ्या नाटकांपेक्षा त्यांचा जीव शाळांच्या उपक्रमात होता. आम्ही एक शाळा धरायचो आणि दर आठवड्याला तिथे जायचो. मुलांना खेळ द्यायचे, प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच बोलण्यातून एक छोटं नाटक उभं करायचं. सत्र संपताना ते शाळेच्या मैदानात व्हायचं. शिक्षकांसाठी शनिवारी वेगळं शिबिर असायचं. तिथे शिक्षकांनी मुलं व्हायचं, बाकावर बसायचं, शिक्षा भोगायची, आणि मग त्यावर बोलायचं.

ताईंचे दोन नियम होते. नाटक मुलांनी स्वतः रचायचं, आपण फक्त विचारायचं, सुचवायचं नाही. हे वाक्य आम्ही प्रत्येक शाळेत, प्रत्येक पाहुण्यासमोर अभिमानानं म्हणायचो. दुसरा नियम, त्या शाळेतल्या कुणाही माणसाची नक्कल नाटकात येऊ द्यायची नाही. एकदा एका नव्या मुलानं विचारलं होतं, का नाही? ताई म्हणाल्या, "कारण नाटक झालं की आपण जीपमध्ये बसून निघून येतो. पोरं तिथंच राहतात."

मी त्या वेळी मान डोलावली होती.

वैजापूरची शाळा मिळाली तेव्हा मी या कामात मुरलेला होतो, पस्तिशीच्या आसपासचा. शिक्षकांच्या शिबिराला पहिल्या शनिवारी माणसं येऊ लागली आणि दारातून दोन अंगठे पट्ट्यात अडकवलेला एक माणूस आत आला. केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं. मी ओळखलं.

"नमस्कार सर," ते मला म्हणाले. "आम्हाला लई उत्सुकता होती तुमच्या शिबिराची." 'लई' हा शब्द त्यांनी मुद्दाम, गमतीनं, खेडवळ लकबीत म्हटला. मला ओळखलं नव्हतं.

त्यांनी मला सर म्हणावं, याचं मला हसू आलं. वाटलं, आता सापडलात.

पहिले काही शनिवार मी लहानसहान सूड घेतले. त्यांना विद्यार्थी करून मागच्या बाकावर बसवलं. उत्तर येत असताना हात वर केला की दुसऱ्याला विचारलं. अंगठे धरून वाकायला लावलं. पण त्यांना त्याचं काहीच वाटेना. उलट मजा वाटायची. ते शिबिरातले सगळ्यांत तयारीचे शिक्षक होते आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत चांगले नट. माझा प्रत्येक वार त्यांच्या अंगावर पडून फुलासारखा खाली ओघळत होता. मी घरी जाऊन चरफडायचो.

म्हणून एका शनिवारी मी विषय दिला, तुमच्या शाळेत येणारा एखादा पालक उभा करा. हा खेळ शिबिरात नव्हता. मी त्यांच्यासाठी लावलेला फास होता तो.

सर लगेच उठले. खोलीतली सतरंजी त्यांनी घोंगडीसारखी खांद्यावर टाकली, पडद्याची काठी हातात घेतली आणि एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून काठीवर रेलले. मेंढ्या राखणारा माणूस उभा राहिला. शेताच्या पलीकडच्या बांधावरच्या कुणाला हाक मारावी तशा आवाजात ते बोलले, "ओ मास्तर! पोरीला शाळंत ठिवू का मेंढरामागं न्हिऊ?" मग मध्येच मेंढ्यांना हाकारल्यासारखं ओरडले आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीकडे बघून बिचकले. सगळे शिक्षक हसून लोळले. फक्त गणित शिकवणाऱ्या एक बाई हसल्या नाहीत.

"खरा आहे हो हा," सर सतरंजी काढत म्हणाले. "ह्याची पोरगी नववीत आहे आमच्या. हुशार आहे पण."

आता खरं तर मी थांबवायला हवं होतं. आपण कुणाला हसलो, का हसलो, हे विचारायलाच तर ते शिबिर होतं. ताई असत्या तर त्यांनी तिथल्या तिथे विचारलं असतं. मी टाळ्या वाजवल्या. "वा सर," म्हणालो. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं.

ती मुलगी आमच्या मुलांच्या गटात होतीच. उंच, काटक, दोन वेण्या लाल रिबिनीत वर बांधलेल्या. आईबाप मेंढ्या घेऊन गावोगाव फिरायचे आणि ही शाळेसाठी वैजापुरात मामीकडे राहायची. दर दिवाळीला बाप तिला न्यायला यायचा आणि दर दिवाळीला ती हट्टानं मागे राहायची. तिला दहावी व्हायचं होतं. "आमच्यात कुणीच न्हाई झालं," असं ती कुणालाही, न विचारता सांगायची. आणि तिला नक्कल यायची. कोकरू, म्हातारी मेंढी, लिलावात कांद्याची बोली लावणारा व्यापारी. एकदा तिनं माझी केली होती, कानामागे पेन्सिल खोचून, "छान, छान, पण अजून विचार करा." सगळा गट हसला, मीही हसलो.

पुढच्या आठवड्यात मी तिला पिंपळाच्या पारावर बाजूला बसवलं.

"तुला सरांची येते का?"

तिनं चटकन इकडेतिकडे पाहिलं. "येती. पण नको सर."

"का?"

"वर्गशिक्षक हायेत ते. मला हितंच राह्यचंय अजून दोन वर्षं."

शहाणी होती. ताईंचा नियम तिला कुणी न सांगता कळला होता. आणि मग मी ते केलं, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. मी तिला म्हणालो, "ते शिबिरात तुझ्या वडलांची नक्कल करतात, माहितीये? सगळे शिक्षक हसतात."

तिनं मान माझ्याकडे वळवली.

"घोंगडी घेऊन. एका पायावर उभं राहून. मेंढरांना ओरडतात तसं ओरडून दाखवतात."

"माझ्या बापाची?"

"हो."

तिनं पारावरचं एक पान उचललं आणि शिरेशिरेवरून फाडत राहिली. तिचा चेहरा कसा होत गेला ते मी नीट पाहत होतो, कारण मला तो तसाच व्हायला हवा होता. आठवीच्या बाकावर माझा झाला नव्हता, मी हसलो होतो. वाटलं, ही हसणार नाही.

"काय करायचं सांगा," ती म्हणाली.

"तू करशील. घाबरू नकोस. मी आहे ना."

पुढे सगळं मी रचलं. तिचा एक शब्द त्यात नव्हता. वर्गात येणारा मास्तर, पट्ट्यात अंगठे, 'काय राजे'. मग एक शेतकरी हुरड्याची पिशवी घेऊन येतो, वहाणा काखेत धरून. मास्तर मुठीनं हुरडा खातो. शेतकरी गेला की तोंड पुसून मास्तर वर्गाला त्याच शेतकऱ्याची नक्कल करून दाखवतो. ताई त्या दिवसांत दुसऱ्या शाळेत अडकल्या होत्या, तालमीला एकदाही आल्या नाहीत. त्यांना मी फोनवर सांगितलं, मुलं छान काम करताहेत.

दिवाळीच्या सुट्टीआधी मैदानात मांडव घातला गेला. शाळेच्या संस्थेचे पदाधिकारी, गावातली प्रतिष्ठित माणसं पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी शिक्षक. ताईही आल्या. पालक मागे सतरंज्यांवर.

ती आली. शर्ट-पँट, पट्टा. दोन अंगठे अडकवून तिनं एक पाऊल टाकलं मात्र, मैदान खदखदलं. 'काय राजे' म्हटल्यावर मुलं बाकांवर उभी राहिली. सरही हसत होते. शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमचीच करतेय बघा!" त्यांना कौतुक वाटत होतं. मी कडेच्या खांबाला टेकून त्यांच्याकडेच पाहत होतो. नाटक मी पाहिलंच नाही.

शेतकरी झालेला मुलगा वहाणा काखेत धरून आला. सर अजून हसत होते. हुरड्याची पिशवी टेबलावर मोकळी झाली. हसू जरा कमी झालं. मास्तर झालेल्या मुलीनं डस्टर उचललं, काखेत धरलं, मान खाली घातली. "मास्तरसायेब, पोरगं कसं हाय आमचं?"

मागे सतरंजीवर कुणी हसलं नाही. तिथे बसलेल्या बायामाणसांना समजलं होतं. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आस्सं करत्यात व्हय हे मागारी?" आणि सगळ्या नजरा पहिल्या रांगेकडे वळल्या. सरांचा चेहरा ओघळला. डोळे भिरभिरले आणि फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबले. मी नजर हलवली नाही. त्यांना माझं नाव आठवलं की नाही, माहीत नाही. पण काखेतल्या वहाणा आठवल्या, एवढं नक्की. इतकी वर्षं मी त्या एका नजरेसाठी थांबलो होतो. माझं अंग हलकं झालं. वडील असते तर, असं काहीसं मनात आलं, आणि ते किती खोटं आहे हे कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली.

कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा होता. मुख्याध्यापक, दोन पदाधिकारी, ताई, सर आणि मी. दार उघडं होतं.

सरांनी कप खाली ठेवला. "तो हुरड्याचा प्रसंग कुणाचा?" त्यांनी मलाच विचारलं, आवाज न चढवता.

हीच वेळ होती. 'माझा' एवढंच म्हणायचं होतं. पदाधिकारी बघत होते. आमच्या नाट्यसंस्थेचं काम, पुढच्या वर्षीची परवानगी, माझी नोकरी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आणि तोंडात ते वाक्य तयारच होतं, आम्ही प्रत्येक शाळेत म्हणतो ते.

"आमच्याकडे नाटक मुलं स्वतः रचतात, सर. तिचाच आहे तो."

"असं," सर म्हणाले. "हुशार आहे पोरगी." आणि कप उचलला.

आम्ही जीपमध्ये बसलो. रस्त्याला लागल्यावर ताई म्हणाल्या, "मेंढरामागे फिरणाऱ्या घरची पोर ती. तिच्या घरी ज्वारीचं शेत कुठून आलं रे?"

मी बाहेर बघत राहिलो.

"तुझं गाव कुठलं?"

"देवगाव."

"उद्या परत ये इथं आणि सांग त्यांना."

"येतो," म्हणालो. गेलो नाही. दिवाळी होती, मग दुसरी शाळा लागली. जायचं टाळायला कारणं कधी कमी पडत नाहीत. खरं कारण हे की, मी गेलो असतो तर माझी जिंकलेली दुपार मला त्यांना परत द्यावी लागली असती.

पुढच्या वर्षी त्या गणिताच्या बाई गुलमंडीला आमच्या दुसऱ्या एका शिबिराला आल्या. मी जिन्यात त्यांना गाठून मुलीचं विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "सुट्टी संपली आणि रोज पहिल्या तासाला सर तिला पुढे बोलवायला लागले. या, आपल्या कलाकार या. करा माझी नक्कल. ती नुसती उभी राहायची. मुलं आधी हसायची, मग मुलांचंही हसणं बंद झालं. सर म्हणायचे, का गं, मांडवात तर झकास जमली होती. एक दिवस नाही, रोज. मारलं नाही, शिवी दिली नाही. तक्रार तरी काय करणार?"

"मग?"

"मग बाप कळप घेऊन जवळून जात होता, त्याच्याबरोबर गेली. वार्षिकला नव्हती."

"तुम्ही कुणी काही बोलला नाहीत?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आम्ही भ्यालो. तुम्ही कुठे होतात, सर?"

मी तिला शोधलं, असं म्हणता येईल इतकं शोधलं नाही. एकदा तिच्या मामीच्या घरापर्यंत गेलो, दाराला कुलूप होतं, परत आलो. कुलूप बघून सुटल्यासारखं वाटलं. राग मात्र मी टाकला नाही. सर निवृत्त झाले, त्यांच्या सत्काराची बातमी पेपरात आली, विद्यार्थिप्रिय वगैरे. मी तो पेपर चुरगाळून फेकला. रोज पहिल्या तासाला एका पोरीला उभी करणारा माणूस, असं मनात म्हणालो. तिला त्या फळ्यापुढे नेऊन ठेवणारा कोण, हे त्या बातमीत नव्हतं, आणि मीही तेव्हा मनात म्हणालो नाही.

गेल्या वर्षी एका लग्नाला वैजापूरला निघालो होतो. मध्यवर्ती स्टँडवर गाडीत चढलो. दारात गर्दी होती.

"ओ दाजी, पुढं सरका की! दारात काय नाटक लावलंय?" खाकी कपड्यातली वाहक बाई ओरडली. "आजी, पिशवी मांडीवर घ्या, तिला तिकीट न्हाई काढायचं. ओ पोरांनो, सीटवर नाव नका कोरू, तुमच्या लग्नाची पत्रिका न्हाई ती." गाडीभर हसू पसरलं. आवाज शेवटच्या सीटपर्यंत खणखणीत जात होता. माझ्यापाशी आली, मशीन हातात.

"कुठलं देऊ, सर?"

सर हा शब्द तिनं ज्या तऱ्हेनं म्हटला त्यावरून मी वर पाहिलं. वेण्या नव्हत्या, अंबाडा होता, गळ्यात काळी पोत. पण तीच.

"वैजापूर," मी म्हणालो. "तू... तुम्ही..."

"व्हय, मीच. मघाशी स्टँडवरच वळखलं तुम्हाला." तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेली.

लासूरला गाडी चहासाठी थांबली. ती टपरीपाशी एकटी उभी होती, कप हातात. मी गेलो. आधी इकडचंतिकडचं विचारलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाली, मग बारावी, मग ही नोकरी. "लई वर्षं गेली मधी. मेंढरामागं पुस्तक घेऊन फिरले. मेंढरं लई चांगली, परत परत वाचलं तरी कटाळत न्हाईत." ती हसली. मला हसता आलं नाही.

"घरी गेल्यावर बापाला इच्यारलं," ती म्हणाली. "म्हणलं, तुमी मास्तरासमोर असं एका पायावर उभं राह्यले व्हते का? बाप म्हणला, व्हय, दमलो व्हतो. त्याला काय बी वाटलं न्हाई. मलाच मातर लाज वाटाय लागली त्याची. तुमी सांगायच्या आधी न्हवती वाटत. कितीतरी वर्षं कुणासमोर बापासंगं उभी राह्यले न्हाई."

चालकानं हॉर्न दिला. तिनं हातानं थांब अशी खूण केली.

"ते सर आता?" मी विचारलं. मला अजूनही त्यांच्याबद्दल काहीतरी वाईट ऐकायचं होतं.

"येत्यात कधीमधी गाडीला. म्हाताऱ्यांचं अर्धं तिकीट. खाली मान घालून बसत्यात. त्यांचं सोडा. त्यांनी केलं ते मला कळतं, त्यांना लागलं व्हतं." तिनं कप टपरीच्या फळीवर ठेवला. "तुमचं न्हाई कळलं. तवा मी हेडमास्तरांच्या खोलीच्या भाईरच व्हते. त्वांडाचा रंग पुसत. समदं ऐकलं मी."

गाडीतली माणसं खिडकीतून बघत होती. दारातल्या पायरीवर दोन म्हातारे बसले होते, कान देऊन. मला वाटलं, हे नंतर कुठेतरी निवांत बोलू, असं म्हणावं. तेवढ्यासाठी तोंडही उघडलं. मग तिथेच, त्या सगळ्यांच्या देखत, मी हात जोडले.

"मी खोटं बोललो होतो. तो हुरडा माझ्या वडलांचा होता. त्या माणसावरचा राग माझा होता, नाटक मी रचलं होतं, आणि विचारल्यावर मी तुझं नाव सांगितलं. ताईंनी परत जाऊन खरं सांगायला सांगितलं होतं, तरी मी गेलो नाही. तुझ्या वडलांची नक्कल झाली ते तुझ्या कानावर घालायची काही गरज नव्हती. तुला राग यावा म्हणूनच मी ते घातलं. तुझी शाळा माझ्यामुळे सुटली. तुझं काहीही चुकलं नव्हतं, सगळं मी केलं. मला माफ कर."